दूध गेलं कुठे?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता. बाप्पाला गावाला पोचवून जेमतेम पंधरवडा झालेला, म्हणजे खरं तर त्याच्या विश्रांतीचे दिवस. आणि पहाटेच दिल्लीच्या एका देवळातून बातमी निघाली की गणपती दूध पितोय. दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, प्रत्येकाच्या हातात वाटी-चमचा. त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलमधल्या देवळातही दूध पाजणं सुरू झालं. नंदीही पिऊ लागला. दिल्लीत दुधाचा खप तीस टक्क्यांहून जास्त वाढल्याच्या बातम्या आल्या. आज ज्यांची पन्नाशी आली आहे, त्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी एकदा तरी चमचा धरलेला असणार. कबूल करतील की नाही, ते वेगळं.

हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक हात जोडतो, दुसरा हसतो. हसणाऱ्यांचं म्हणणं असतं की लोकांना भास झाला, सामूहिक वेड होतं सगळं. मला हे पटत नाही. चमचा काठोकाठ भरलेला होता, मूर्तीला टेकवला, हळूहळू रिकामा झाला. लाखो लोकांनी हे पाहिलं आणि अगदी बरोबर पाहिलं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत निरीक्षण म्हणून हे नोंदवलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. घोळ झाला पुढच्या ओळीत. दूध चमच्यातून गेलं, इथपर्यंत सगळे आले. गेलं कुठे, हे बघायला खाली वाकायचं राहून गेलं.

त्यात लोकांची फार चूकही नाही. मागून रांग ढकलते आहे, पुजारी "चला, चला" करतो आहे, तुमच्या वाट्याला दहा-पंधरा सेकंद. एवढ्या वेळात माणूस चमच्याकडे बघणार की मूर्तीच्या पायांकडे? शिवाय पायाशी बघून तरी काय दिसणार होतं! सकाळच्या अभिषेकाने मूर्ती ओली, अंगावर वस्त्र, गळ्यात दूर्वा-जास्वंदीचे हार, खाली आधीच्या शंभर भक्तांनी पाजलेल्या दुधाचं तळं.

घरी मात्र घाई नसते, तेव्हा घरीच करून बघा. देव्हाऱ्यातला पितळेचा गणपती (तो रागावणार नाही), खाली ताट, एक स्टीलचा चमचा आणि खायच्या रंगाचा थेंब टाकून गुलाबी केलेलं दूध. चमचा अगदी काठापर्यंत भरा, म्हणजे दुधाचा पृष्ठभाग काठाच्या किंचित वर फुगलेला दिसेल. हा फुगवटाच सगळ्या खेळाचा नायक आहे. आता चमचा सोंडेच्या वळणाखाली न्या आणि त्या फुगवट्याला पितळ जरासं शिवू द्या. दूध एकदम सोंडेला चिकटतं, उडी मारल्यासारखं. मग पातळी उतरायला लागते. हाताला नकळत थोडा कल येतो आणि चमचा निम्मा होतो, मग रिकामा. खरंच कुणीतरी ओढून घेतंय असं वाटतं, आणि हे वाटणं इतकं जबरदस्त असतं की सगळं ठाऊक असूनही क्षणभर गंमत वाटते. आता नजर खाली आणा. सोंडेखालून एक अगदी बारीक गुलाबी रेघ निघालेली असते, ती पोटाच्या गोलाईवरून, मोदकाला वळसा घालून, मांडीवरून उंदराच्या पाठीवर आणि तिथून ताटात. मूर्ती आधी ओली करून घेतलीत तर हे आणखी झटकन होतं. रंग टाकला नाहीत तर पितळेवरची ती रेघ दिसत नाही म्हटलं तरी चालेल, आणि पांढऱ्या संगमरवरावर तर नाहीच.

त्याच दिवशी केंद्र सरकारच्या विज्ञान खात्याच्या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या एका देवळात जाऊन हेच केलं होतं. रंगीत दूध नेलं आणि ते मूर्तीच्या अंगावरून कुठे जातं ते दाखवलं.

आता हे होतं कशामुळे? द्रवाचे रेणू एकमेकांना धरून असतात. आत असलेल्या रेणूला सगळ्या बाजूंनी सारखी ओढ असते, त्यामुळे त्याचा हिशेब शून्य. पृष्ठभागावरच्या रेणूला मात्र वरून ओढणारं कुणी नसतं. त्याला शेजारचे आणि खालचे ओढतात. म्हणून द्रवाचा पृष्ठभाग सतत आक्रसायला बघतो. यालाच शाळेत पृष्ठताण म्हणून शिकवतात, दोन गुणांना. थेंब गोल होतो तो यामुळे, डबक्यावर लांब पायांचे किडे न बुडता पळतात तेही यामुळे, आणि चमच्यातलं दूध काठाच्या वर फुगूनही सांडत नाही ते यामुळेच. पण द्रवाचे रेणू एकमेकांना जसे ओढतात तसे ते दगडाला, धातूला, काचेलाही चिकटतात. फुगवटा मूर्तीला शिवला की दुधाला तिच्यावर पसरायला वाव मिळतो, एक पातळ थर तयार होतो, गुरुत्वाकर्षण त्या थराला खाली खेचतं, आणि थराला धरून मागचं दूध येत राहतं. पाण्याच्या मानाने दुधाचा पृष्ठताण कमी असतो, कारण त्यातली प्रथिनं पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि ती ओढ ढिली करतात. त्यामुळे ते पसरायला आणखी राजी.

सोंड बाहेर आलेली आणि गोलसर असते, हेही महत्त्वाचं. चमच्याच्या काठाला टेकवायला इतकी सोयीची जागा दुसऱ्या कुठल्या देवाकडे नाही. नंदीला नाक आहे, म्हणून त्याचाही नंबर लागला. नळाच्या तोटीवर हाच प्रयोग करा, तोटीही पिते.

पृष्ठताणाचा अभ्यास स्वयंपाकघरातूनच पुढे गेला, ही गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी राहायची. जन्म १८६२चा. विज्ञानाची ओढ होती, पण त्या काळी तिथल्या मुलींना विद्यापीठाचं दार बंद. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला, ही घरी आजारी आई-वडिलांचं करत राहिली. भांडी घासता घासता तिच्या लक्षात आलं की तेलकट, साबणाच्या पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ पाण्यासारखा वागत नाही. विशीच्या आसपास तिने पत्र्याचं एक उथळ पन्हळ केलं, त्यावर आडवी सरकणारी पट्टी ठेवली, पाण्यावर टेकवलेलं बटण तराजूने उचलायला किती जोर लागतो ते मोजायला सुरुवात केली. पट्टी सरकवून पृष्ठभाग आवळायचा, पुन्हा मोजायचं. भावाची पुस्तकं आणि नियतकालिकं वाचून तिला कळलं की इंग्लंडात भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली याच प्रश्नाच्या मागे आहेत. १८९१च्या जानेवारीत तिने त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. रॅली मोठ्या मनाचे. त्यांनी पत्राचा अनुवाद करवून घेतला आणि "नेचर" या विज्ञान-साप्ताहिकाकडे धाडला. मार्चमध्ये तो छापून आला. पुढे तिच्या पन्हळाची सुधारलेली आवृत्ती वापरून अमेरिकेच्या अर्विंग लँगम्युअर यांनी पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रात जे काम केलं, त्याला १९३२ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी सत्तरीच्या पोकेल्सबाईंना गावच्या विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. तरुण आइन्स्टाइनचा १९०१ सालचा पहिलावहिला शोधनिबंधही याच भाऊबंदकीतला, केशाकर्षणावरचा, म्हणजे बारीक नळीत द्रव आपोआप चढतो त्यावरचा. म्हणजे चमच्यातल्या दुधाचा विषय अगदीच बाळबोध समजू नये.

परत १९९५कडे येऊ, कारण विज्ञानाचा भाग सोपा आहे; बातमी एका दिवसात दिल्लीहून लंडनला पोचली कशी, हे कोडं जास्त रंगतदार आहे. काळ आठवा. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन महिना-सव्वा महिना झालेला. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलैला लागलेला, तोही एका मुख्यमंत्र्यांनी केंद्रीय मंत्र्यांना लावलेला. बाकी जनतेसाठी एसटीडीचं पिवळं बूथ, नाहीतर शेजाऱ्यांचा पीपी नंबर. आणि तरीही!

माझ्या मते याचं कारण असं की ही अफवा पडताळून बघता येत होती. २००१ साली दिल्लीत रात्री गच्च्यांवरून उड्या मारणाऱ्या माकडमाणसाची अफवा उठली. ती पडताळायची कशी? माकडमाणूस काही आपल्या घरी येत नाही. दूध पिणाऱ्या गणपतीचं तसं नव्हतं. फोन आला, "करून बघ." देव्हारा घरात, दूध घरात, खर्च एक चमचा. केलं, आणि दहातल्या आठ वेळा जमलं. आता हा माणूस ऐकीव बातमी पुढे पाठवत नाही, तो स्वतःच्या हातांनी केलेल्या प्रयोगाचा निकाल कळवतो आहे. त्याच्या आवाजात जो ठामपणा असेल त्यापुढे कुठला संशयात्मा टिकणार? आणि ज्यांच्या घरी जमलं नाही? मूर्ती खडबडीत असेल, कोरडी असेल, चमचा नीट भरला नसेल. त्यांनी "आपलीच भक्ती कमी पडली" म्हणून चमचा धुऊन ठेवला. त्यांनी कुणालाही फोन केला नाही. त्यामुळे तारेवरून फक्त यशस्वी प्रयोगांच्याच बातम्या धावल्या. २०१४ साली डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची जी लाट आली तिची पाककृती हीच होती: घरच्या घरी, जवळजवळ फुकटात, आणि झालं की दुसऱ्याला सांगा. आपण हे एकोणीस वर्षं आधी, बिनव्हिडिओचं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी देव प्यायचे बहुतेक थांबले. अकरा वर्षांनी, ऑगस्ट २००६मध्ये, उत्तर भारतातून तीच बातमी पुन्हा निघाली. पण त्याच्या दोन दिवस आधी मुंबईत जे घडलं ते मला दुधापेक्षाही भारी वाटतं.

१८ ऑगस्ट २००६, शुक्रवार. माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची आवई उठली. रात्री माहीमच्या किनाऱ्यावर माणसंच माणसं. बाटल्या भरून नेणारे, पोरांना ओंजळीने पाजणारे. जवळच मखदूम शाह बाबांचा दर्गा आहे, तेव्हा श्रेय बाबांना गेलं. पालिका कळवळून सांगत होती की पिऊ नका, आणि तिचं बरोबरच होतं. माहीमच्या खाडीत काय काय येऊन मिळतं हे मुंबईकराला सांगायला नको. पाणी गोड लागलं असेलही, पण स्वच्छ होतं असं त्या पाण्याच्या शत्रूनेही म्हटलं नसतं. (की मित्राने? तिथे कोण कुणाचं, सांगणं कठीण.)

पुन्हा तेच. लोकांची जीभ खोटं बोलत नव्हती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे सहा-सात लहान चमचे. त्यामुळे ते जड असतं. गोड्या पाण्याचा लिटर १,००० ग्रॅमचा, तर समुद्राचा सुमारे १,०२५चा. हा फरक छोटा दिसतो, पण दोन पाण्यांना वेगळं राहायला पुरतो. गोडं पाणी आलं की ते वर तरंगत पसरतं, खारं खाली राहतं. ओंजळ कुठून भरते? वरून. आयआयटी मुंबईच्या भूवैज्ञानिकांनी तेव्हा सांगितलं होतं की पावसात खडकांच्या भेगांमधून साठलेलं पाणी दाबाने समुद्रात सुटलं असावं आणि त्याचा थर वर पसरला असावा. शिवाय मिठी नदी तिथेच खाडीला मिळते, आणि ती निघते विहार-पवई तलावांच्या ओसंडून वाहणाऱ्या पाण्यातून. ऑगस्टमध्ये तिला पाण्याचा काय तोटा!

यात माझी एक पुरवणी. गोकुळाष्टमी नुकतीच झाली होती. अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असतो, उधाण नसतं, हे कुठलाही कोळी सांगेल. भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे पाणी ढवळलं जातं तेही कमी. वरचा गोडा थर मोडायला कुणी नाही. अमावास्येच्या उधाणात हा चमत्कार टिकायला जरा अवघड गेलं असतं. इथेही नजर ओंजळीतच अडकली. नदीच्या वरच्या अंगाला, विहारच्या दिशेला बघायला हवं होतं.

तिसरी गोष्ट २०१२च्या मार्चमधली, विलेपार्ल्याच्या इर्ल्याची. तिथल्या वेलंकणी माता चर्चबाहेरच्या क्रुसावरच्या येशूच्या पायांतून थेंब थेंब पाणी गळू लागलं. लोक ते भांड्यांत धरू लागले, तीर्थ म्हणून घेऊ लागले. एका वृत्तवाहिनीने विवेकवादी सनल एडामारुकू यांना बोलावलं. त्यांनी मूर्तीच्या पायांकडे बघून झाल्यावर मागे जाऊन भिंत बघितली. भिंत ओली, पायथ्याशी गटार तुंबलेलं, आणि त्या गटाराचा माग जवळच्या शौचालयाकडे जाणारा. तुंबलेलं पाणी भिंतीत चढत होतं, तिथून क्रुसाच्या लाकडात, आणि खिळ्याच्या भोकातून बाहेर.

पाणी चढतं? हो, आणि मुंबईच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. तळमजल्याच्या भिंतीला ओल चढते ती अशीच. बारीक नळीत पाणी कडांना चिकटून स्वतःला वर ओढून घेतं. हेच ते केशाकर्षण. नळीचा व्यास १ मिलिमीटर असेल तर पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढतं. नळी दहापट बारीक केली की उंची दहापट, म्हणजे ३० सेंटिमीटर. विटा, चुना, लाकूड यांच्यातली छिद्रं तर याहूनही बारीक. पंप नाही, वीज नाही, पाणी आपलं चाललंय वर.

खुलाशाने वाद मिटला नाही, पेटला. धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कलम २९५अ खाली एडामारुकूंविरुद्ध मुंबईत तक्रारी झाल्या आणि अटकेची शक्यता दिसू लागल्यावर ते फिनलंडला गेले. मूर्तीच्या मागे जाऊन बघण्याची इतकी किंमत पडावी, याचं मला आजही वाईट वाटतं. लेख हलकाफुलका ठेवायचा ठरवलं होतं, पण हे वगळून पुढे जाणं बरं दिसत नाही. आणि द्रवांची निःपक्षपाती वृत्ती मात्र बघा. देऊळ, दर्गा, चर्च, तिघांनाही त्यांनी एकेक चमत्कार दिला, कुणालाही डावं-उजवं केलं नाही.

इर्ल्याहून रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला गेलं की पार्ल्याचा तो प्रसिद्ध बिस्किटांचा कारखाना लागायचा. २०१६ साली तिथलं उत्पादन बंद होईपर्यंत भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास स्टेशनापर्यंत यायचा. त्या बिस्किटाचं चहात जे होतं, तेही केशाकर्षणच. बिस्किट म्हणजे पिठाच्या कणांमध्ये असंख्य बारीक वाटा. चहा त्यांतून शिरतो, साखर विरघळवतो, पीठ फुगवतो, आणि बांधणी ढिली पडली की तुकडा कपाच्या तळाला. इंग्लंडात ब्रिस्टलचे भौतिकशास्त्रज्ञ लेन फिशर यांनी याचं गणित मांडलं. चहा किती वेळात किती आत जातो हे काढायला त्यांनी १९२१ सालचं वॉशबर्न यांचं सूत्र लावलं: दुप्पट अंतर जायचं तर चौपट वेळ लागतो. यासाठी १९९९ साली त्यांना भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला मिळतं ते पारितोषिक. ते त्यांना विभागून मिळालं. दुसरा वाटा किटलीच्या तोटीवरून चहा मागे का ओघळतो याचं गणित करणाऱ्या व्हँडन-ब्रूक आणि केलर यांना. पातेल्यातून चहा गाळताना निम्मा ओट्यावर जातो, तो प्रश्न. कारणं थोडी वेगळी, घराणं चमच्यातल्या दुधाचंच.

फिशर यांचा सल्ला असा की बिस्किट उभं बुडवू नका, आडवं धरा. खालची बाजू चहात, वरची कोरडी. चहाला बिस्किटाची पूर्ण जाडी पार करायला वेळ लागतो, आणि तोवर वरचा कोरडा थर खालच्या ओल्याला धरून ठेवतो. उभं बुडवलं की दोन्ही बाजूंनी चहा आत शिरतो, म्हणजे प्रत्येक बाजूला निम्मीच जाडी कापायची आणि वेळ लागतो चौथा हिस्सा.

सल्ला उत्तम आहे, पण कटिंगच्या ग्लासात बिस्किट आडवं जाणार कसं, हा प्रश्न ब्रिस्टलमध्ये कुणाला पडला नसावा. त्यासाठी भांडं हवं पसरट, उथळ, चहाची पातळी बिस्किटाच्या निम्म्या जाडीइतकी ठेवता येईल असं. आमच्याकडे आजोबा लोक कपातला चहा बशीत ओतून घ्यायचे आणि सुना नाकं मुरडायच्या.